नळ येतो आठव्या दिवशी, मग कोरडा दिवस पाळायचा कधी?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात डेंग्यूची बातमी वाचली, लेकरं ॲडमिट आहेत, दवाखाने भरलेत, आणि बातमीच्या खाली ती नेहमीची चौकट होती की नागरिकांनी आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळावा, पाण्याची भांडी रिकामी करून घासून उन्हात वाळवावी. सूचना चुकीची अजिबात नाही, मी स्वतः आरोग्य खात्याची आशा कार्यकर्ती आहे आणि हेच मी गल्लीगल्लीत सांगत फिरते. पण मी ज्या वस्तीत काम करते तिथं नळ येतो आठव्या नाहीतर नवव्या दिवशी, उन्हाळ्यात त्याच्याही पुढं जातं. मग सातव्या दिवशी टिपाड, म्हणजे दोनशे लिटरचं पिंप, रिकामं करायचं म्हणजे बुडाला राहिलेलं पाणी ओतून द्यायचं का ताई, असं बायका विचारतात, आणि त्यांचा प्रश्न बरोबर आहे, माझ्याकडं त्याचं उत्तर नाही कारण ते उत्तर माझ्या हातात नाही, व्हॉल्व ज्यांच्या हातात आहे त्यांच्याकडं आहे. पत्र थोडं लांबलंय. जागा कमी पडली तर कायद्याचा भाग कापा पण पाण्याच्या गॅपचं, म्हणजे दोन नळांमधल्या दिवसांचं, कापू नका.

आधी डासाचं सांगते. कंटेनर सर्व्हेला गेलं की आम्ही प्रत्येक घरात टिपाड, रांजण, बॅरल, कूलर, फ्रिजच्या मागचा ट्रे सगळ्यात बॅटरी मारून बघतो, अळ्या वळवळताना दिसतात. डेंग्यूचा डास नालीतल्या घाण पाण्यात होत नाही, तो घरात साठवलेल्या चांगल्या पाण्यात अंडी घालतो, हे अजून पुष्कळ शिकलेल्या लोकांना पण माहीत नाही, त्यांना वाटतं झोपडपट्टीत घाण आहे म्हणून डेंग्यू. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात. आता आमच्या नळाचा गॅप बघा, तोही आठ-नऊ दिवस. म्हणजे अळीला जेवढे दिवस लागतात तेवढेच दिवस आपण पाणी साठवायला लावतोय. हेच पाणी चौथ्या दिवशी आलं असतं तर टिपाड मधेच एकदा रिकामं होऊन घासलं गेलं असतं आणि अळीचा डास व्हायला वेळच मिळाला नसता. घासणं पण महत्त्वाचं आहे, कारण अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटून बसतात आणि कोरड्यात महिनोनमहिने टिकतात, नुसतं पाणी ओतून भागत नाही. पण घासायला, विसळायला पण पाणीच लागतं ना, आणि ज्या बाईच्या घरात शेवटची दीड घागर राहिलीय ती टिपाड विसळणार का लेकरांना पाजणार. आम्ही अबेट हे अळ्या मारायचं औषध टाकतो, फडकं बांधा म्हणतो, झाकण लावा म्हणतो, बायका करतातही. पण फुटक्या कडेच्या टिपाडाला झाकण घट्ट बसत नाही आणि दिवसातून वीस वेळा तांब्या घालायला ते काढावंच लागतं.

आता साठवणीचा हिशोब करून बघा, कागद-पेन घेऊन करा. सार्वजनिक नळावरून पाणी भरणाऱ्या माणसाला रोज ४० लिटर असं सरकारचं मानक आहे, आणि ड्रेनेज असलेल्या शहरात माणशी १३५ लिटर. पाच माणसांचं घर, रोज ४० लिटर धरले तरी २०० लिटर, म्हणजे रोजचं एक टिपाड. आठ दिवसाचे १६०० लिटर, आठ टिपाडं! पत्र्याची दहा बाय बाराची खोली, त्यात चूल किंवा गॅस, अंथरुण, लेकरांची दप्तरं, तिथं आठ टिपाडं कुठं ठेवणार? घरात दोन, फार तर तीन असतात, एक बाहेर नालीच्या कडेला साखळी लावून. म्हणजे पाच जणांच्या घरात आठ दिवसाला सहाशे लिटर, माणशी रोज १५ लिटर पडतं, त्यातच पिणं, स्वयंपाक, भांडी, धुणं, संडास सगळं. उरलेलं विकत.

आणि हेच कॉलनीत बघा. तिथंही नळ आठव्या दिवशीच येतो, पण घराखाली हौद आहे, वर टाकी आहे, काहींकडं बोअर आहे. तिथं आठ दिवसाचा गॅप जाणवतच नाही, नळ एकदा चालला की आठवडाभराचं काम झालं. मला कॉलनीवाल्यांचा राग नाही, त्यांनी पैसे घालून हौद बांधलाय. माझं एवढंच म्हणणं आहे की सगळ्या शहराला एकच गॅप हा दिसायला सारखा न्याय आहे पण तो सारखा नाही, कारण साठवायची ताकद सारखी नाही. म्हणून माझी मुख्य मागणी जादा पाण्याची नाहीच. आहे तेच पाणी द्या, पण वस्तीला गॅप कमी करून द्या. आठ दिवसाला दोन तास देता ना, मग चार दिवसाला एक तास द्या. जमलं तर दोन दिवसाला अर्धा तास. धरणातून एक थेंबही जादा लागणार नाही.

यावर इंजिनिअर लोक काय म्हणतात ते पण मला माहितीये, एका बैठकीत ऐकलंय. प्रत्येक वेळी रिकामी लाईन भरायलाच पाणी आणि वेळ जातो, शेवटच्या घरापर्यंत प्रेशर पोचत नाही, व्हॉल्व जास्त वेळा फिरवायचे तर माणसं लागतात. हे खोटं नाही. पण मग एखाद्या जलकुंभावर दोन महिने करून तरी बघा, जिथं प्रेशर पोचतच नाही तिथं चौकात पाच हजार लिटरची टाकी बसवा, खाली चार-सहा तोट्या लावा आणि ती टाकी दिवसाआड भरा. साठवण घराघरात करायला लावण्यापेक्षा गल्लीत एक झाकणबंद टाकी ठेवणं डासाच्या दृष्टीनंही सोपं आहे, आम्हाला शंभर टिपाडं तपासण्याऐवजी एक टाकी तपासावी लागेल.

पाण्याच्या शुद्धतेचं पण गॅपशीच नातं आहे. लाईन आठ दिवस रिकामी पडते. वस्तीत घरोघरी गेलेल्या बारक्या पाईपा नालीतून, नालीच्या कडेनं गेलेल्या असतात, जॉइंटला रबर गुंडाळलेलं असतं, लाईन रिकामी झाली की बाहेरचं पाणी आत ओढलं जातं, त्यात नळाला डायरेक्ट मोटर लावणारे असतात, मोटर चालू झाली की पुढच्या घरांची लाईन अजून ओढली जाते. मग नळ आला की आधी पिवळं, वास मारणारं पाणी येतं. शिकलेली माणसं सांगतात पहिलं पंधरा मिनिटं पाणी सोडून द्या. अहो, लाईनीच्या शेवटी ज्या बाईला दोन तासातलं जेमतेम चाळीस मिनिटं पाणी मिळणार ती पंधरा मिनिटाचं कसं सोडून देईल? ती ते धुण्याला वेगळं भरते, आणि पाणी कमी पडलं की तेच वापरात येतं. नळाच्या पाण्यात शेवटच्या घरापर्यंत लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी क्लोरिन उरलं पाहिजे. ते तपासायची ओटी टेस्ट साधी आहे, औषधाचे दोन-चार थेंब टाकले की पाणी पिवळसर झालं पाहिजे, नाही झालं तर क्लोरिन नाही. टेस्ट जलकुंभाजवळ केली तर पिवळी येणारच. ती वस्तीच्या शेवटच्या नळावर करा, आणि पाणी आल्या आल्या करा. पावसाळ्यात ओआरएस आणि झिंकच्या गोळ्या वाटताना मला गल्लीवरून कळतं की कुठली पाईप फुटली असेल, कारण जुलाब एका लाईनीत निघतात.

आता वेळेचं. नळ कधी रात्री दोनला येतो, कधी पहाटे चारला, कधी दुपारी बाराला. लाईनमनचा फोन ज्याच्याकडं त्याला आधी कळतं. आमच्या वस्तीतली अर्धी माणसं लेबर नाक्यावर जातात, बाया धुणीभांडी, बांधकामावर. नळाचा दिवस आला की घरातलं एक माणूस कामावर जात नाही, हजेरी बुडते. आणि ते एक माणूस म्हणजे बहुतेक वेळा घरातली मोठी पोरगी असते, ती शाळेला जात नाही. सातवी-आठवीतल्या पोरींच्या हजेरीपटाशी नळाच्या तारखा जुळवून बघाव्या कुणीतरी, शाळेतल्या बाईंनाही हे पाठ झालंय. पाणी कमी द्या, पण वेळ ठरवून द्या आणि ती पाळा. वेळ ठरवायला खर्च काय लागतो?

संडासाचं लिहिताना मात्र जीव जळतो. स्वच्छ भारत अभियान २ ऑक्टोबर २०१४ ला सुरू झालं, घरोघरी संडासासाठी १२ हजार मिळाले, पुष्कळांनी वरून स्वतःचे, बचत गटाचे पैसे घालून बांधलेही. पण दहा बाय बाराच्या खोलीला लागून शोषखड्डा कुठं घेणार, काहींनी पाईप सरळ नालीत सोडला, आणि ज्यांच्याकडं खड्डा जमला त्यांच्याकडं पाणी नाही. साध्या भांड्यावर दरवेळी बादलीभर ओतावं लागतं. खोल उताराचं भांडं असतं त्याला दीड-दोन लिटर पुरतं, पण ते कुणी सुचवलंच नाही, गुत्तेदारानं जे स्वस्त मिळालं ते बसवलं. पाच माणसं, माणशी १५ लिटर पाणी, त्यातलं संडासात किती ओतणार. म्हणून संडासात सरपण ठेवलेलं दिसतं आणि पाहणीला आलेले साहेब म्हणतात यांना सवयच नाही. सवयीचा प्रश्न नाही साहेब, बादलीचा आहे.

सार्वजनिक संडास आहे. नियमानं पुरुषांच्या ३५ जणांमागं एक सीट आणि बायकांच्या २५ जणींमागं एक सीट पाहिजे. आमच्याकडं सीटा मोजायला गेलं तर आहेत, पण दाराला कडी नाही, दिवा नाही, वरच्या टाकीत पाणी नाही, आणि सेप्टिक टँक तुंबला की मागच्या बाजूच्या सीटा बंद. बायका अंधार पडायची वाट बघतात, दिवसभर पाणी कमी पितात, मग लघवीला जळजळ, गरोदर बाईला इन्फेक्शन. तपासणीत मला हे नेहमीच दिसतं. गरोदर बाईला भरपूर पाणी प्या म्हणून सांगताना मला माहीत असतं की ती पिणार नाही, कारण प्यायलं की जावं लागतं आणि जायला जागा नाही. पाळीच्या दिवसात पोरींचं काय होत असेल ते लिहीत नाही, वाचणाऱ्या बायांना कळेल.

सेप्टिक टँक दोन-तीन वर्षात एकदा उपसावाच लागतो, तो भरून वाहायची वाट बघायची नसते. साताऱ्याकडचं वाई आणि नाशिककडचं सिन्नर, ही काही फार श्रीमंत शहरं नाहीत, तिथं नगरपालिकेनं ठरलेल्या वेळापत्रकानं घरोघरचे टँक उपसायचं काम २०१८ पासून सुरू केलं. आपल्याकडं टँक वाहायला लागला की फोन, मग गाडी कधी येईल ते येईल, आणि गाडी गल्लीत शिरत नाही म्हणून कुठंतरी कुणीतरी माणूस आत उतरवला जातो. २०१३ च्या कायद्यानं हे बंद आहे. २०२३ मधे सुप्रीम कोर्टानं गटारात-टँकमधे उतरून होणाऱ्या मृत्यूची भरपाई ३० लाख केली. तरी माणूस उतरतो, आणि तो माणूस पण आमच्याच वस्तीतला असतो, त्याचं लेकरू माझ्याकडं लसीला येतं.

कचऱ्याचं थोडक्यात लिहिते कारण त्याचा त्रास सगळ्यांना दिसतो. घंटागाडी मोठ्या रस्त्यावर थांबते, गल्ली पाच फुटाची, बाया कामावर गेलेल्या असतात, मग कचरा नालीत नाहीतर मोकळ्या प्लॉटवर. नाली काढली की गाळ कडेलाच ठेवून जातात, पहिल्या पावसात तो परत नालीत. थंडीत लोक प्लास्टिक पेटवतात आणि त्या धुरानं दम्याची लेकरं रात्रभर खोकतात. उपाय काय तर हातगाडी आणि माणूस. पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायांनी २००८ मधे स्वतःची सहकारी संस्था करून पालिकेच्या करारानं घरोघर कचरा गोळा करायला सुरुवात केली, आपल्याकडं भंगार वेचणाऱ्या बाया प्रत्येक वस्तीत आहेत, त्यांना ओळखपत्र, ढकलगाडी, हातमोजे आणि महिन्याचा ठरलेला पगार द्या, गल्ली त्यांच्याइतकी कुणाला माहीत आहे? २०१६ च्या घनकचरा नियमात कचरावेचकांना सामावून घ्या असं लिहिलेलंच होतं. वर्गीकरण जागेवरच केलं नाही आणि सगळं एका ठिकाणी नेऊन ओतलं की काय होतं ते मराठवाड्यानं २०१८ मधे पाहिलंय, तेव्हाच्या औरंगाबादेत कचरा डेपो होता त्या नारेगावच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, मग गाड्या मिटमिट्याला नेल्या तर तिथं दंगल झाली, आणि गावभर कचऱ्याचे ढीग. नारेगावच्या लोकांनी वर्षानुवर्षं तो वास सोसला होता, त्यांचं काय चुकलं.

अर्ज घेऊन गेलं की एक उत्तर मिळतं, वस्ती अनधिकृत आहे. जागा गायरान आहे, नाल्याची आहे, प्लॉट बॉन्डवर घेतलेला आहे, जागेचं मालमत्ता पत्रक (पीआर कार्ड) नाही. पण त्याच घराला लाईटचं मीटर आहे, मतदान कार्ड आहे, रेशन कार्ड आहे, फक्त नळ द्यायचा म्हटलं की अनधिकृत. १५ डिसेंबर २०१४ ला मुंबई उच्च न्यायालयानं पाणी हक्क समिती या संघटनेच्या याचिकेवर सांगितलंय की झोपडी बेकायदा आहे म्हणून तिथल्या माणसाला पाणी नाकारता येणार नाही, पाणी हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. ती केस मुंबईतली होती आणि कायदेशीर घराइतकंच पाणी द्या असंही कोर्ट म्हणालं नाही, पण अजिबात देणार नाही असं म्हणता येणार नाही एवढं तर स्पष्ट आहे. शिवाय ही माणसं काल आलेली नाहीत. आमच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या ७२ च्या दुष्काळात खडी फोडायला आल्या त्या इथंच राहिल्या. त्यांच्या मागनं ऊसतोडीला जाणारी, कोरडवाहू सोडून आलेली कुटुंबं. गावात पाणी नव्हतं म्हणून शहरात आले आणि इथंही पाण्यासाठीच रात्र जागतात.

दुष्काळ आहे, धरणात नाही, तर देणार कुठून असं कुणी म्हणेल. २०१६ आम्ही विसरलेलो नाही. मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, पहिली गाडी ५ लाख लिटरची, पुढं ५० टँकर-डब्यांची २५ लाख लिटरची. लातूर तेव्हा चार लाखांच्या आसपासचं शहर, म्हणजे भरलेल्या गाडीतनं माणशी सहा लिटर. पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदीचं १४४ कलम लावावं लागलं होतं. तशा वेळी कुणी तक्रार करणार नाही. पण २०२४ ला जायकवाडीचा नाथसागर भरला, २०२५ ला परत भरला, दरवाजे उघडून पाणी सोडलं, सप्टेंबरात तर अख्खा मराठवाडा पाण्याखाली होता, नाल्याकाठच्या घरात कमरेइतकं पाणी, आणि त्याच आठवड्यात त्याच घरातल्या बाया प्यायच्या पाण्याला हंडा घेऊन उभ्या होत्या. धरण भरलेलं असतानाही गॅप तोच राहत असेल तर दोष पावसाचा नाही, पंपिंगचा, जलकुंभाचा, लाईनीचा आणि वाटपाचा आहे. नव्या मोठ्या योजना होतील तेव्हा होतील, त्यांचं स्वागतच आहे, पण व्हॉल्वचं वेळापत्रक बदलायला योजना पूर्ण व्हायची वाट बघावी लागत नाही.

अजून एक, २०२७ च्या जनगणनेबद्दल. २०११ ला सरकारी यादीत नसलेली वस्ती निदान साठ-सत्तर घरांची सलग असली तरच झोपडपट्टी म्हणून धरली होती. त्यापेक्षा लहान वस्त्या, पालं, बांधकामाच्या साईटवरची घरं त्या हिशोबात आलीच नाहीत. प्रगणक घरी आले की पाणी कुठून आणता, संडास कुठला हे विचारतात, तेव्हा वस्तीतल्या लोकांनी लाजून घरात नळ आहे असं सांगू नये, जे आहे तेच लिहायला लावावं, ही तुमच्या पेपरमधून विनंती.

आणि साहेब, तुमच्याकडं एक मागणी आहे. तुम्ही रोज धरणात किती टक्के पाणी आहे ते छापता, ते आम्ही वाचतो. त्याच्या शेजारी रोज एक छोटी चौकट छापा, आज शहरातल्या कुठल्या भागात नळ आला, किती दिवसांनी आला आणि किती वाजता. त्यात वस्त्यांची नावं पण असू द्या, नुसत्या कॉलन्यांची नको. माहिती मिळणार नसेल तर आम्ही देऊ, प्रत्येक वस्तीत आशा आहेत, नळाचा दिवस आमच्या सर्व्हेच्या वहीत लिहिलेलाच असतो.

माझं नाव आणि शहर छापू नये, मानधनावर काम करते, आपण समजून घ्याल.

आपली नम्र,
एक आशा कार्यकर्ती, मराठवाडा